फोटोच्या कडेचा हात

"कणीस गोदानं राखलं अन् फेटा साहेबांनी बांधला. ह्यावर आता काय बोलायचं, मारोतराव?"

जुन्या सीड स्टोअरमध्ये लोखंडी कपाटामागे मी फरशीवर बसले होते. मांडीवर फोटोंचा गठ्ठा होता आणि हातात कोरडं फडकं. कपाटाच्या पलीकडे रशीदचाचा आणि शिपाई मारोतराव चहा पीत होते. चाचांनी या स्टोअरमध्ये सगळी नोकरी काढली होती; निवृत्तीनंतर जुने फोटो ओळखायला विभागाने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

"हळू बोला चाचा. साहेबांची पोरगी इथंच काम करायलीय."

"कवाच गेली ती जेवायला."

मी गेले नव्हते. पण मी असले काय आणि नसले काय, लोकांना फरक कळत नसे. मी तशीच बसून राहिले.

"फोटू दारातच लावणार म्हनं," मारोतराव म्हणाले. "एवढा थोरला. साहेबांचा हात ज्वारीच्या ताटावर, अन् गोदाचं नावच न्हाई."

"नाव कुठून येणार बाबा? त्याच झाडापायी तर तिला मस्टरवरून काढलं."

साहेब म्हणजे माझे बाबा. तो फोटो मी आदल्याच दिवशी स्कॅन केला होता. ज्वारीच्या आडव्या पडलेल्या प्लॉटात एकच ताट ताठ उभं, त्याच्या कणसाला कागदी पिशवी, आणि शेजारी तरुण, बारीक मिशीचे बाबा. फोटोच्या डाव्या कडेला कुणाचातरी हात आला होता. कोपरापर्यंतचा, हिरव्या बांगड्यांचा, नुसता हात. तो मी कापून टाकला होता. फोटो स्वच्छ दिसावा म्हणून.

आमच्या घरात विद्यापीठाला नाव लागत नसे. विद्यापीठ म्हटलं की कळायचं. परभणीत रिक्षावाल्यालाही तेवढंच सांगायचं. बाबा तिथे ज्वारी विभागात होते, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो, आणि बारावीनंतर मीही तिथेच कृषीच्या पहिल्या वर्षाला गेले. म्हणजे घरातून निघून घरातच पोचल्यासारखं. माझ्या लहानपणातला सगळ्यात ठळक आवाज रेल्वेच्या शिटीचा किंवा कामावर बोलावणाऱ्या भोंग्याचा नाही, कागदी पिशव्यांचा आहे. ज्वारी फुलोऱ्यावर यायच्या आत निवडक कणसांना पिशव्या बांधतात, दुसऱ्या झाडाचा पराग बसू नये म्हणून. थंडीत वारा सुटला की क्वार्टरमागच्या प्लॉटातल्या शेकडो पिशव्या एकदम सळसळायच्या. जणू मोठ्या वर्गात सगळी मुलं एकाच वेळी पान उलटतायत. त्या आवाजात मी अभ्यास केला, त्यातच जेवले, त्यातच मोठी झाले. आता मी जिथे राहते तिथे खिडकीखाली पार्किंग आहे. कुरियरवाला पाकीट फाडतो तेव्हा कधीतरी अजून मान वळते.

घरी भाकरी एकाच ज्वारीची होई. बाजारात तिला विद्यापीठाची ज्वारी म्हणत आणि आमच्या घरात बाबांची ज्वारी. आई शाळेत शिकवायची. संध्याकाळी आली की पदर खोचून भाकऱ्या थापायला बसायची. पहिली भाकरी टम्म फुगली की बाबा बोटाने तिच्यावर टिचकी मारत आणि आवाज ऐकत. "दाणा चांगला भरलाय," म्हणत. सोबत वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. भाकरीला हात लावण्याआधी तिचा आवाज ऐकायचा असतो असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. मैत्रिणींच्या घरी कुणीच तसं करत नाही हे पाहून मला नवल वाटलं होतं.

मैत्रिणीही फार नव्हत्या. मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. शाळेत मराठी बोललं की वहीत शेरा मिळे, घरी आईचं मराठी स्वच्छ, शाळामास्तरी, आणि फार्मवरच्या बायकांचं "कुठं चाललीस गं?" ऐकलं की त्याच लयीत उत्तर द्यावंसं वाटे, पण जीभ वळत नसे. तीन भाषांच्या मधोमध मी तोंड मिटून घेतलं. लोकांना ते शिष्टपण वाटायचं. मलाही पुढे पुढे तेच सोयीचं झालं.

म्हणूनच इतिहास दालनाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी आनंदले होते. विद्यापीठाच्या वर्धापनदिनाला जुन्या दगडी ऑफिसात एक दालन उघडायचं ठरलं होतं: जुने फोटो, अवजारं, बियाण्यांच्या बरण्या, आणि भिंतींवर मराठी-इंग्रजी मजकूर. "रेवतीचं इंग्लिश चांगलं आहे, आणि ती डोकं खाली घालून काम करते," असं दालनाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. बोलायचं नव्हतं, फक्त लिहायचं होतं. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी आणि संशोधन केंद्रांनी आपापले फोटो बियाण्याच्या पिशव्यांतून बांधून पाठवले होते. त्यातून भुसा गळायचा, कधी तुरीचे दाणे निघायचे. एका केंद्राने तर फोटोंबरोबर मूठभर निंबोळ्याही पाठवल्या होत्या, कीड लागू नये म्हणून. बैठकांत रोज एकच वाद: इतिहास विद्यापीठापासून सुरू करायचा की त्याच्याही आधीपासून. इथे निजामाच्या राज्यातला जुना फारम होता. म्हातारे मजूर अजून फारमच म्हणत. रशीदचाचांचे आजोबा त्या फारमवर बैल हाकायचे. "आमच्यापासून सुरू करा," चाचा म्हणाले होते, "बिल्डिंगी नंतर आल्या." मॅडम हसल्या होत्या. पहिल्या पॅनेलवर शेवटी बिल्डिंगच आली.

ज्वारीच्या पॅनेलचा मजकूर बाबांनी स्वतः लिहून दिला होता. 'बीजोत्पादनाच्या प्लॉटात चौदाव्या ओळीत मला एक वेगळे झाड आढळले.' त्या एका कणसाच्या दाण्यांपासून पुढे निवड होत होत ही ज्वारी तयार झाली. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत होते. पाहुणे आले की बाबा ते सांगत आणि आई चहा गाळता गाळता मान डोलवे. आदल्या संध्याकाळी लॅपटॉपवर मी त्यांना कापलेला फोटो दाखवला होता. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "कड काढलीस ते बरं केलंस," म्हणाले होते.

कपाटामागून मी बाहेर आले तेव्हा चाचांच्या हातातला कप बशीत आपटला. मारोतराव "साहेबांनी बोलावलंय" असं काहीतरी पुटपुटत निघून गेले. मी मूळ फोटो चाचांसमोर धरला आणि त्या हातावर बोट ठेवलं.

"बेटा," ते म्हणाले, "उलटा कर."

कित्येक फोटो मी पुसले होते, त्यातला हा एकच उलटून पाहिला नव्हता. मागे निळ्या शाईत, कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: 'प्लॉटमध्ये आढळलेली भेसळ. जबाबदार मजूर: गोदावरी.'

शोधाचा म्हणून मी जन्मभर ओळखत आले तो फोटो पुराव्यासाठी काढलेला होता.

चाचांनी सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण ऐकताना माझे कान इतके तापले होते की प्रत्येक शब्द चटका दिल्यासारखा बसला. बीजोत्पादनाच्या प्लॉटात एकाच वाणाचं बी तयार करायचं असतं. त्यामुळे वेगळं दिसणारं प्रत्येक झाड उपटावं लागतं. त्यालाच भेसळ काढणं म्हणतात. एक जरी झाड राहिलं तरी तपासणीत प्लॉट अडकू शकतो. गोदावरी त्या ओळीवरची मजूर होती. तिने एक झाड उपटलं नाही. वर फुलोऱ्याच्या आधी त्याच्या कणसाला पिशवी बांधली, आपल्या लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून.

"साहेबांना ठाऊक नव्हतं?" मी विचारलं. बाबांना मी पहिल्यांदाच साहेब म्हटलं.

चाचा दाराकडे बघत राहिले. "पंधरा दिवस रोज त्या झाडापाशी उभे राहायचे. मग तपासणी आली. मोठे साहेब ओरडले, कुणी ठेवलं हे? गोदा म्हणाली, म्या ठेवलं. फोटो निघाला, झाड उपटून बांधावर फेकलं, तिचं नाव कटलं. पाच वाजता तुझे अब्बा परत आले. बांधावरून कणीस उचललं. पिशवी फाटली होती, नवी मी दिली. ह्याच कपाटातून."

"ते काहीच बोलले नाहीत?"

"एक बात बोलले असते, माझ्या सांगण्यावरून ठेवलं, तर भेसळ राहिली नसती बेटा. निवड झाली असती."

गोदावरी म्हणजे कोण हे मला चाचांना विचारावं लागलं नव्हतं. विद्यापीठाच्या गेटबाहेर चिंचेखाली टोपली घेऊन बसणारी गोदामावशी. ती रोज सकाळी झरी गावाहून टमटमने यायची. पेरू, बोरं, भुईमुगाच्या शेंगा, थंडीत हुरडा. मी चालायला लागल्यापासून तिच्याकडून खात होते. बाबा कधी स्वतः उतरत नसत. स्कूटर लांब, रस्त्याच्या पलीकडे उभी करत आणि मला पाठवत. "जा, घेऊन ये. घासाघीस करू नकोस." मी परत येईपर्यंत ते स्कूटरचा आरसा पुसत राहायचे. माझे बाबा माझ्यासारखेच लाजाळू आहेत, याचा मला केवढा अभिमान वाटायचा.

त्या दुपारी मी फोटो पिशवीत घालून गेटवर गेले.

"काय गं, शेंगा देऊ का हुरडा?" गोदामावशीने मान वर न करता विचारलं. मी फोटो तिच्या टोपलीवर ठेवला. तिने हात पदराला पुसले आणि फोटो लांब धरून पाहिला.

"माजाच हात हाय. बांगड्या बघ की. संक्रातीला नव्या भरल्या व्हत्या."

"मावशी, तुम्ही ते झाड का ठेवलं?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

ती हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. "आता इचारायलीस व्हय? इतक्या वर्सांनी? तवा समदे कुनी ठेवलं, कुनी ठेवलं म्हनून वरडायलते. का ठेवलं म्हनून एकानं इचारलं न्हाई." तिने टोपलीतली एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. "बाराच्या उन्हात बाकीच्यांची पानं पिळून सुरळी व्हायची. ह्याची न्हाई. येका पानानं मान टाकली न्हाई. म्हनलं, ह्याच्यात कायतरी हाय. उपटायला हात गेला न्हाई. मग खडखड्या रोग आला, समदी ताटं आतून पोकळ, निजली. हे उभं. मी का येडी हाय व्हय गं? तुज्या बापानंच आमाला पिशव्या बांधायला शिकिवलं. दुसऱ्याचं लागू नये म्हनून बांधली."

"आणि बाबा?"

"तुजा बाप? खाली बघत व्हता. बुटानं ढेकूळ फोडायलता." तिने शेंगांवरची ओली गोणी सारखी केली. "मस्टर गेलं ते गेलं. शेंगा इकून बी प्वाट भरतंय. पर गावात अजून मला भेसळवाली म्हनतेत. माज्या सुनेनं आमटीत मीठ जास्त टाकलं तरी बाया म्हनतेत, भेसळवालीची सून हाय, काय बी मिसळंल. मला फेटा नगं, शाल नगं. तेवढं पुसा."

मी उठले तेव्हा तिने मागून हाक मारली. "अन् बापाला सांग, आता तरी स्कूटरवरून खाली उतर म्हनावं. शेंगा चावत न्हाईत."

शेजारचा पेरूवाला खदखदून हसला. माझ्या हातातले दाणे घामाने ओले झाले होते. ते मी खाल्ले नाहीत, टाकलेही नाहीत.

संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. बाबा ताटावर बसले होते. मला तोंडाने बोलता आलं नाही; मी फोटो उलटा करून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. निळ्या अक्षरांची बाजू वर. पहिली भाकरी फुगून ताटात आली. बाबांनी तिला टिचकी मारली नाही. वाफ निघून गेली आणि ती हळूहळू बसली. ते पाहताना मला जे वाटलं ते मला अजून कुठल्याच भाषेत नीट सांगता येत नाही.

"तेव्हा मी टेम्पररी होतो, रेवा," शेवटी ते म्हणाले. "बोललो असतो तर दोघांचीही नावं कटली असती. आणि तू पोटात होतीस."

म्हणजे त्यात मीही होते. त्यांनी मला कारण केलं होतं, माझ्या जन्माच्याही आधी.

आईचे हात पिठातच थांबले होते. "मला तुम्ही सांगितलं होतं, ती बाई आपणहून काम सोडून गेली." ती त्यांच्याकडे वळली. "मी तिच्या नावाने किती बोलले होते. मजुरांना टिकून काम करायला नको असतं म्हणून."

"आता काय करायचं? सांगू सगळ्यांना? सत्काराच्या तोंडावर?" बाबांचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. "फोटो काल कापला होतास तसाच लाव. मजकूर आहे तसा राहू दे. इंग्रजी झालं ना तुझं?"

झालं होतं. इंग्रजीत तर ते फारच सफाईदार उतरलं होतं.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ बाबांनी आपल्या सोयीने घेतला. मीही तर त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ इतकी वर्षं माझ्या सोयीने घेत आले होते. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सच्या दुकानात फाइल पाठवताना मी न कापलेला फोटो पाठवला. त्याहून मोठं काही करण्याची माझी हिंमत नव्हती. हात दिसू दे, मी मनाशी म्हटलं, कुणीतरी विचारेल. कुणीतरी म्हणजे दुसरं कुणीतरी, आणि उत्तरही दुसरंच कुणीतरी देईल. मी तेव्हा अशीच होते. आजही कुठे मोठी सभा असली की मी दाराजवळची खुर्ची धरते.

वर्धापनदिनाच्या सकाळी दगडी ऑफिसच्या दारावर झेंडूची तोरणं होती, गालिचा घातला होता, दारात लाल फीत होती. फितीच्या शेजारीच माणसाच्या उंचीएवढा तो फोटो. बाबांना फेटा बांधला होता. मोतिया रंगाचा, त्यांना शोभत होता. फोटो त्यांनी तिथेच पहिल्यांदा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. आई माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा हात धरला नाही, पण जराशी माझ्या बाजूला सरकली. व्हरांड्याच्या पायरीवर रशीदचाचा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात बसले होते.

प्रमुख पाहुणे म्हणजे एक वृद्ध निवृत्त शास्त्रज्ञ होते, काठी टेकत आलेले. मॅडमनी ताटातली कात्री पुढे केली. त्यांनी ती घेतली आणि फोटोपाशी थबकले. अगदी जवळ गेले. बियाणं पारखणाऱ्या माणसाची नजर होती ती. चांगल्यावरून सरकायची आणि वेगळ्यावर थांबायची.

"पिशवी चिंधीने बांधलीय," ते म्हणाले. "आपल्याकडे तेव्हा सुतळी असायची." मग कात्रीच्या टोकाने त्यांनी फोटोची कड दाखवली. "आणि हा हात कुणाचा?"

मॅडम माझ्याकडे बघून हसल्या, म्हणजे कापायचं राहिलं वाटतं. कुणीतरी म्हणालं, असेल एखादी मजूर. पाहुणे बाबांकडे वळले. "तुम्हाला आठवत असेल."

बाबा खाली बघत होते. नव्या बुटाच्या टोकाने ते गालिच्याची दुमडलेली कड दाबत होते. ती सरळ होई, पुन्हा उचले, ते पुन्हा दाबत. एवढंच मी पाहिलं. चाचांनी सांगितलेलं, मावशीने सांगितलेलं, ते सगळं तोवर माझ्यासाठी ऐकीव होतं. आता ते माझ्यासमोर घडत होतं, माझे बाबा त्या प्लॉटात उभे होते आणि मी त्यांच्या शेजारी. कागदी पिशव्यांचा आवाज कानात इतका वाढला की बाकी काही ऐकू येईना. मी गर्दीतून पुढे झाले. पाहुण्यांच्या कात्रीवर माझा हात पडला तेव्हा मला कळलं की मी पुढे झालेय.

"हा हात गोदावरीबाईंचा आहे," मी म्हणाले. "झाड त्यांनी ठेवलं, जाणून ठेवलं, आणि त्यांनी कधीही भेसळ केलेली नाही. त्या आत्ता गेटवर बसल्यात. मी बोलावून आणते, तोवर फीत कापू नका."